सांडपाण्याच्या संचालिका

कापड रंगवण्याच्या त्या कारखान्यात बाईंनी सगळी नोकरी एकाच खुर्चीवर काढली. खुर्ची टेलिफोनच्या टेबलामागची. बाहेरून आलेला फोन आधी बाईंच्या कानात शिरायचा आणि त्यांना वाटलं तरच पुढे जायचा. त्यामुळे सगळे त्यांना ऑपरेटरबाई म्हणायचे, पुढे पुढे नुसतंच बाई. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच राहिलं होतं.

काम फोन जोडण्याचं, पण बाईंचा हातखंडा होता तो न जोडण्यात. "साहेब आत्ताच बाहेर पडले हो," हे त्या इतक्या हळहळून म्हणत की ऐकणाऱ्यालाच चुटपुट लागावी, आपण जरा आधी का नाही फोन केला. साहेब तेव्हा भिंतीपलीकडे चहात बिस्किट बुडवत असायचे. बाईंची खरी कसोटी लागायची ती नाल्याच्या फोनांना. कारखान्यामागून एक नाला वाहायचा आणि आत जो रंग चालू असेल तो नाल्याला चढायचा. खालच्या वस्तीतून कोणीतरी विचारायचं, आज पाणी हिरवं का? बाई म्हणायच्या, "तुमची तक्रार वर कळवते हं." वर म्हणजे नक्की कुठे, हे त्यांनाही कधी कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. माणूस शांत होऊन फोन ठेवायचा, बाई पुढचा फोन घ्यायच्या.

थोरले साहेब गेले, धाकटे साहेब त्यांच्या खुर्चीत बसले, आणि त्याच सुमारास सरकारने कायदा कडक केला. तोवर काय होतं, नाल्यात घाण गेली की दंड कंपनीला. आता कंपनी हा प्राणीच मोठा चमत्कारिक. ती जमीन विकत घेते, कर्ज काढते, कोर्टात भांडते, सगळं माणसासारखं करते. पण पिळायला तिला कान नाहीत आणि रट्टा घालायला पाठ नाही. कंपनी दंड भरायची, पुढच्या वर्षीच्या खर्चात तो आधीच धरून ठेवायची, आणि रंग नाल्यात. नव्या कायद्याने म्हटलं, कंपनीचं राहू द्या बाजूला, तुमच्यातला जबाबदार माणूस कोण ते सांगा. चुकलात तर त्याला तुरुंगात टाकू आणि त्याच्या घरादारावर टाच आणू. हे ऐकल्यावर मात्र साहेबांच्या खोलीत पंखा फुल असूनही सगळ्यांना उकडायला लागलं.

मार्ग काढला तो कंपनीच्या वकिलांनी. वकील अतिशय टापटिपीचे. बोलताना समोरचा पेन, टाचणीची डबी, पेपरवेट सगळं एका रेषेत लावायचे. त्यांनी सांगितलं, सांडपाण्याची चूल वेगळी मांडायची. पाणी साफ करण्याचे हौद, पंप आणि ती पडीक जागा एका नव्या छोट्या कंपनीच्या नावावर करायची. मोठी कंपनी तिला घाण पाणी देणार आणि करारानुसार साफ करण्याचा खर्च देणार, संपला संबंध. नाल्याचं काही झालंच, तर जबाबदार त्या छोट्या कंपनीचा डायरेक्टर. धाकट्या साहेबांना कल्पना फार आवडली. प्रश्न एवढाच होता की चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, तर आधी संन्यासी हवा.

बाई तेव्हा निवृत्त होत होत्या. साहेबांनी त्यांना खोलीत बोलावलं आणि बसायला सांगितलं. बसायला सांगितलं, हीच मोठी गोष्ट.

"बाई, तुम्ही आमच्या घरच्याच. बाबांच्या वेळेपासून आहात. आता घरी बसून काय करणार? आमच्या नव्या कंपनीच्या डायरेक्टर व्हा."

"मी?" बाईंना वाटलं चेष्टा चालली आहे. "मला काय येतंय साहेब त्यातलं?"

"यायला काही नको. वर्षातून एकदा सही करायची. महिन्याला मानधन."

वकिलांनी पेपरवेट रेषेत आणलं आणि मान डोलावली. बाईंनी धाकट्या साहेबांना शाळेच्या गणवेशात पाहिलं होतं. प्रगतिपुस्तकावर लाल शेरा आला की हा मुलगा आधी बाईंच्या टेबलाशी यायचा आणि म्हणायचा, शाळेतून फोन आला तर बाबांना देऊ नका. तोच आज त्यांना डायरेक्टर करत होता. बाईंचे डोळे भरून आले आणि त्या लगेच हो म्हणाल्या.

घरी त्यांचे यजमान मशीनवर बसले होते. त्यांचा शिवणकामाचा व्यवसाय, त्यामुळे सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. गळ्यातली मापाची टेप तशीच ठेवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"अगं, ह्या लोकांना इतक्या वर्षांत तुझ्या खुर्चीचा मोडका पाय बदलायला जमलं नाही. आणि आता एकदम कंपनी दिली?"

"अहो, किंमत कळली त्यांना माझी."

"किंमत कळली म्हणूनच म्हणतो. हरभऱ्याच्या झाडावर चढवतायत तुला. ते झाड केवढं असतं माहीत आहे ना?"

"जळलं मेलं तुमचं बोलणं! बायकोचं बरं झालेलं बघवत नाही." बाई फणकाऱ्याने आत गेल्या. मास्तरांनी वाद वाढवला नाही. त्यांनी राखाडी कापड काढलं आणि बायकोसाठी कोट बेतला. संचालकाला आतला खिसा लागतोच, असं म्हणून दोन आतले खिसे केले. लेकीने सासरहून फोन केला आणि विचारलं, "आई, आता तुझ्याशी बोलायला वेळ घ्यावी लागेल का गं?" बाई दिवसभर हसत होत्या. सुख म्हणजे दुसरं काय असतं?

आता गंमत पुढे आहे. वकील टापटिपीचे म्हटलं ना, तेच नडलं. कायद्यात एक कलम होतं की सांडपाण्याच्या जागेच्या फाटकावर जबाबदार व्यक्तीचं नाव आणि पत्ता ठळक अक्षरांत लिहावा. मोठ्या कारखान्यांनी हे कलम कधी वाचलंच नव्हतं. वकिलांनी मात्र वाचलं, कारण छोटी कंपनी जितकी नियमाने चालेल, तितकी ती मोठीपासून वेगळी दिसेल. त्यांनी पेंटर बोलावला आणि पांढऱ्या पत्र्यावर काळ्या अक्षरांत बाईंचं नाव, आडनाव, घराचा पत्ता सगळं लिहून घेतलं. बाई कोट घालून पाहायला गेल्या. आपलं पुरतं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी पेंटरला चहा पाजला.

आठवडा झाला असेल नसेल, सकाळी दाराची कडी वाजली. दारात एक माणूस, खांद्यावर भलंमोठं गाठोडं. नाल्याकाठच्या वस्तीतला परीट.

"फाटकावर नाव आहे त्या मॅडम इथेच राहतात का?"

बाईंच्या तोंडून जुन्या सवयीने निघून गेलं, "मॅडम आत्ताच बाहेर पडल्या हो."

"बरं," परीट म्हणाला आणि गाठोडं टेकवून ओट्यावर बसला. "मी थांबतो. तुम्ही कोण त्यांच्या?"

आत मशीन थांबलं. मास्तर कान देऊन ऐकत होते आणि तोंडात धरलेल्या टाचण्या सांडू नयेत म्हणून हसू दाबत होते. फोन असता तर ठेवून दिला असता. इथे माणूस दारात बसला होता आणि त्याला घाई नव्हती. शेवटी त्या म्हणाल्या, "मीच ती. या आत."

परिटाने गाठोडं सोडलं. दवाखान्याच्या चादरी. पांढऱ्या असायला हव्या होत्या, पण फिक्या गुलाबी झाल्या होत्या.

"ताई, माझी विहीर नाल्याला लागून आहे. दवाखानेवाले म्हणतात, ह्या चादरीवर पेशंटला झोपवलं की तो विचारतो, माझ्या आधी इथे कोणाचं काय झालं? सांगा, मी काय सांगू? पूर्वी तुमच्या हाफिसात फोन लावायचो. एक बाई फार गोड बोलायची."

बाईंनी चहा टाकला आणि चहा होईपर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. परीट गेल्यावर मास्तर एवढंच म्हणाले, "हौद कुठे आहे तो, बघून तर ये." बाईंनी कोट चढवला आणि निघाल्या.

कारखान्याच्या त्या बाजूला त्या कधी गेल्याच नव्हत्या. तीन हौद, एक पत्र्याची शेड, शेडीत खाट टाकून बसलेला पंपवाला. आणि वास असा, की नासकी अंडी बरी. पंपवाल्याने त्यांना समजावून सांगितलं, की पहिल्या हौदात चुना-तुरटी टाकून रंग खाली बसवायचा. दुसऱ्या हौदातल्या पाण्यात बारीक बारीक जीव असतात, ते घाण खातात. त्यांना श्वास घ्यायला हवा लागते, ती हे ब्लोअरचं यंत्र सोडतं.

"मग ते बंद का?"

"वीज फार खातं. दुपारी थोडा वेळ लावायचं आणि चुनाही अर्धाच टाकायचा, असा वरून हुकूम आहे."

"वरून म्हणजे कोणाचा?"

पंपवाला डोकं खाजवू लागला. "पूर्वी साहेबांचा होता. पण आता कंपनी बदलली म्हणतात." मग त्याच्या लक्षात आलं आणि तो खाटेवरून उठून उभा राहिला. "म्हणजे मॅडम, वर आता तुम्हीच."

बाई हौदाच्या कठड्याशी बराच वेळ उभ्या राहिल्या. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, हे त्यांना कळून चुकलं होतं; पण वाळा कथलाचा असला तरी तो त्यांच्याच हातात होता. तुरुंग त्यांना डोळ्यांसमोर दिसायला लागला. मास्तरांचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत, म्हणजे घरावर टाच आली तर मशीनही जाणार. बाईंनी धैर्य वगैरे काही दाखवलं नाही, त्या सरळ घाबरल्या. घाबरलेल्या आवाजातच त्या म्हणाल्या, "लाव ते यंत्र. आणि बंद करू नकोस. चुनाही पुरता टाक."

विजेचं बिल आलं आणि साहेबांच्या खोलीतून बोलावणं आलं. ह्या वेळी बसायला कोणी सांगितलं नाही, बाई आपणहून बसल्या.

"बाई, हे कोणी सांगितलं तुम्हाला?" धाकटे साहेब चिडले होते.

"कोणीच नाही. सांगायला माझ्या वर कोणी नाही ना साहेब, म्हणून माझं मीच ठरवलं."

"मग मी सांगतो. ब्लोअर दुपारपुरताच चालेल. आजपासून—"

"साहेब!" वकील एवढ्या जोरात ओरडले की टाचणीची डबी कलंडली. "असं बोलू नका. ती कंपनी वेगळी आहे म्हणून तुम्ही मोकळे आहात. तुम्ही तिला हुकूम सोडलात, की उद्या कोर्ट म्हणेल, ही नुसती बाहुली आणि दोरी तुमच्या हातात. मग नाल्यातलं सगळं तुमच्या अंगावर."

"मग करारातला खर्च अडवतो."

"अडवलात तर ती कंपनी तुमच्याच पैशावर नाचते, हे तुम्हीच सिद्ध केलंत."

"मग मी करायचं तरी काय?"

वकिलांनी टाचण्या गोळा केल्या. "विनंती करा."

धाकट्या साहेबांनी बाईंकडे पाहिलं. लहानपणी प्रगतिपुस्तक लपवताना व्हायचा तसाच चेहरा झाला होता. "बाई, माझी विनंती आहे, ब्लोअर दुपारपुरता चालवावा."

"बघते विचार करून," बाई म्हणाल्या. त्यांना टोमणा मारायचा नव्हता, त्या खरंच विचार करणार होत्या. पण पुढे वकिलांनी वार्षिक सहीचा कागद सरकवला. कागदावर छापलं होतं की शुद्धीकरणाची यंत्रं वर्षभर अखंड चालू होती.

"पण नव्हती की."

"बाई, मजकूर छापीलच असतो. खाली सही करायची फक्त."

बाईंनी कागद हातात धरला. सही केली तर खोटं त्यांच्या नावावर जाणार आणि पकडलं तर घर जाणार. नाही केली तर ज्या घराण्याचं जन्मभर मीठ खाल्लं, त्यांच्याशी कायमचं वाकडं येणार. त्यांनी कागद परत टेबलावर ठेवला. "मला नाही जमायचं."

"मग राजीनामा द्या," वकील म्हणाले.

"देते. आत्ता देते." बाईंना सुटल्यासारखंच झालं. "फाटकावर कोणाचं नाव येणार?"

साहेबांनी स्टोअरकीपरला बोलावून विचारलं. त्याला अचानक गुडघ्याचं ऑपरेशन आठवलं. मेव्हण्याला फोन लावला. तो म्हणाला, मी तर बाराही महिने फिरतीवर. बाईंनी वाट पाहिली आणि मग अगदी साधेपणाने म्हणाल्या, "साहेब, तुमचंच नाव घाला ना. कंपनी तुमचीच आहे."

धाकटे साहेब क्षणभर विचारात पडले आणि त्यांनी वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी नाही म्हणून मान हलवली. अगदी थोडी, बाईंना दिसणार नाही अशी. पण बाईंना दिसली. इतक्या वर्षांत कोणी त्यांना अपशब्द बोललं नव्हतं, आणि त्या दिवशीही नाही. तरी एवढं वाईट त्यांना कधीच वाटलं नव्हतं. साहेबांच्या घरातलं कोणी स्वतःचं नाव त्या पत्र्यावर जाऊ देत नव्हतं, पण तिथे बाईंचं नाव घालताना कोणाची मान हलली नव्हती. घरचं माणूस म्हणाले होते ते, आणि त्यांनी मानलंही होतं.

"राहू दे मग माझंच," त्या म्हणाल्या. "पण जे घडलं तेच मी लिहून देईन. यंत्र बंद होतं तेव्हा बंद, आणि चालू आहे तेव्हापासून चालू."

तसं त्यांनी लिहून दिलं. सरकारी निरीक्षक आला, त्याने पाणी बाटलीत भरून नेलं, छोट्या कंपनीला दंड ठोठावला आणि बाईंना समज दिली. समज ऐकताना बाईंना इतका घाम फुटला की कोटाचं अस्तर भिजलं. मात्र आत कोणी टाकलं नाही. निरीक्षक जाताना म्हणाला, खरं लिहिलेला कागद पहिल्यांदाच पाहिला, त्यामुळे काय करायचं ते मलाही नीट सुचलं नाही.

त्याला आता काही वर्षं झाली. बाई अजून डायरेक्टर आहेत, कारण दुसरं कोणी व्हायला तयार नाही. रोज सकाळी त्या हौदावर जातात, यंत्राची घरघर ऐकतात आणि पाण्याचा वास घेतात. पाण्यातले जीव धडधाकट असले की वास ओल्या मातीसारखा येतो, उपाशी किंवा गुदमरलेले असले की नासका. पंपवाल्याने एवढंच शिकवलं आणि बाईंना तेवढं पुरलं. पंपवाला आता त्यांना वहिनी म्हणतो आणि खाट शेडीबाहेर टाकून बसतो. नाला काही आरशासारखा झालेला नाही, वरच्या अंगाला आणखी कारखाने आहेत. पण पाण्याचा रंग पाण्यासारखा असतो. परीट मास्तरांशी गप्पा मारायला येतो आणि कोटाला फुकट इस्त्री करून देतो. मास्तर म्हणतात, हरभऱ्याच्या झाडावर चढवलं खरं, पण ही तिथे बसून हरभरे सोलतेय. बाई म्हणतात, तुमचं तोंड कधी बंद असतं का हो? आणि दोघं चहा घेतात. दिवस बरे चालले आहेत.

परवा संध्याकाळी धाकटे साहेब त्यांच्या घरी आले. एकटेच, वकील बरोबर नव्हते. मास्तरांनी कापडाचे तुकडे बाजूला करून त्यांना खुर्ची दिली. चेहरा उतरलेला होता. दुसऱ्या एका शहरात म्हणे कोर्टाने छोट्या कंपनीमागे लपलेल्या मोठ्या कंपनीच्या मालकाला कान धरून बाहेर ओढलं होतं. कागद सगळे चोख होते, तरीही. वकील आता सांगत होते, खात्री कशाचीच देता येत नाही.

साहेबांनी चहाचा कप हातात घेतला, पण प्यायले नाहीत.

"बाई, एक विचारू? इतकी वर्षं तुमचं नाव आहे तिथे. तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते की. रोज वाटते."

"मग तुम्ही एवढ्या निवांत कशा?"

बाईंनी जरा विचार केला. असं कोणी त्यांना विचारलं नव्हतं. "भीती वाटते म्हणून रोज जाऊन बघते. बघितलं की त्या दिवसापुरती जाते. तुम्हाला इतकी वर्षं वाटलीच नाही, म्हणून तुम्ही कधी गेला नाहीत."

साहेब खाली बघत राहिले. मास्तरांनी उगाचच एक दोरा तोडला. मग साहेब म्हणाले, "उद्या मी येऊ का तुमच्याबरोबर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई फाटकाशी पोचल्या तेव्हा साहेब आधीच येऊन उभे होते. इतक्या वर्षांत त्या बाजूने ते पहिल्यांदाच आपल्या कारखान्यात शिरत होते. चिखल चुकवत ते बाईंच्या मागून चालत आले, हौदाच्या कठड्याशी थांबले आणि सवयीने खिशातून रुमाल काढून नाकाला लावला.

बाईंनी हात पुढे केला आणि रुमाल अलगद खाली ओढला.

"अंहं. घ्या वास."